गोपीगंजच्या ट्रकचालकाच्या मुलाविषयी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गेल्या सुट्टीत तू मोबाइलवर डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्तीची एक झुंज दाखवलीस. कपाळावर त्रिपुंड्र, खांद्यांवर मोकळे केस आणि नाव वीर महान. हा आधी अमेरिकेत बेसबॉल खेळत होता आणि एका स्पर्धेत त्याला एक लाख डॉलर मिळाले, एवढे सांगून तू म्हणालास, "नशीब असावं तर असं." परवा भाला सोडण्याची भाषा काढलीस तेव्हाही त्याचेच नाव घेतलेस. म्हणून त्याच्याविषयी जे वाचले ते लिहून पाठवीत आहे. फोनवर सांगू लागलो की तू "हो बाबा" म्हणून ठेवून देतोस.

त्याचे मूळ नाव रिंकू सिंह, जन्म 8 ऑगस्ट 1988. गाव उत्तर प्रदेशातल्या भदोही जिल्ह्यात, गोपीगंजच्या बाजूला. गालिच्यांचा हा मुलूख तेव्हा वाराणसी जिल्ह्यातच मोडत असे. वडील ट्रकचालक, नऊ भावंडे, घर एका खोलीचे. लोक हे वाक्य भराभर वाचून लाख डॉलरकडे जातात. मी मात्र तिथेच अडलो. ट्रकचालकाच्या घरी काय असते, हे मुक्कामी गाड्यांवर नोकरी काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. मी निदान दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरी पोचतो. ट्रकवाल्याचे तेही ठरलेले नसते. अशा घरातला एक मुलगा हाताशी आल्यावर कामाला लागण्याऐवजी लखनौच्या गुरू गोविंदसिंह क्रीडा महाविद्यालयात भाला फेकायला गेला. त्या वेळी त्या एका खोलीत काय बोलणे झाले असेल, हे कुठेही छापलेले नाही, पण आपल्या घरात झालेले बोलणे तू ऐकले आहेस.

तिथे त्याने कनिष्ठ गटात राष्ट्रीय पातळीवर भालाफेकीचे पदक मिळवले. ही सगळी कमाई 2008 च्या त्या स्पर्धेच्या आधीची आहे. स्पर्धेला 37 हजारांहून अधिक मुले आली होती, आणि बेसबॉल वेगाने व अचूक फेकणारा हात त्यांतून शोधायचा होता. पहिला आला रिंकू, ताशी सुमारे 140 किलोमीटर वेगाने. त्याच्यामागे दिनेश पटेल, तोही त्याच बाजूचा आणि तोही भालाफेकपटू. दोघांनीही पूर्वी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. क्रिकेटवेड्या देशात भालाफेकपटूच पुढे का आले, हे माझ्यापेक्षा तुला अधिक कळेल. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर वाकवून झटकता येत नाही. भाल्यात मात्र पुढचा पाय रोवल्यावर आधी कंबर, मग खांदा आणि सगळ्यांत शेवटी कोपर सुटते, आणि बेसबॉलच्या पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे, अंगही जवळजवळ त्याच क्रमाने चालते. तुझे सर "पाय रोव, पाय रोव" म्हणून ओरडतात ते याचसाठी. आठशे ग्रॅमचा भाला वर्षानुवर्षे फेकलेल्या त्या डाव्या हातात दीडशे ग्रॅमचाही नसलेला चेंडू आला, एवढेच नवीन होते. स्पर्धा भारतात भरली हे नशीब खरे; हात नशिबाने आलेला नव्हता.

पुढचे थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केले, पण खेळवले मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य संघाखालच्या शिकाऊ संघांत. 4 जुलै 2009 रोजी रिंकू फ्लोरिडातल्या सर्वांत खालच्या लीगमध्ये उतरला आणि अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना खेळणारा पहिला भारतीय नागरिक ठरला. 2011 पर्यंत तो एकेक पायरी चढत वेस्ट व्हर्जिनियाच्या संघात पोचला. हे संघ गावोगाव बसनेच हिंडतात, हे वाचून मला उगाच बरे वाटले. मुख्य संघात मात्र तो कधीच पोचला नाही. दिनेशला 2010 मध्येच संघाने मोकळे केले, आणि रिंकूला 2012 नंतर दुखापतींमुळे मैदानावर उतरता आले नाही. कुस्तीचा करार 2018 मधला.

दुखापतीवरून आठवले. तू फोनवर अंतर वाढत नसल्याचे सांगितलेस, कोपराचे मात्र काही बोलला नाहीस, आणि तुझी आई म्हणते की सुट्टीत तू पाण्याची बादली उजव्या हाताने उचलत नव्हतास. येत्या गुरुवारी मला पुण्याची ड्युटी आहे, संध्याकाळी बालेवाडीला येतो. भाल्याचे काय करायचे ते आपण नंतर बोलू; आधी सरांना सांगून फिजिओची वेळ घेऊन ठेव.

तुझा,
बाबा