डिस्क घेताना आधी हब बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रत्नागिरीत आता जिकडे बघावं तिकडे डिस्क ब्रेकच्या सायकली दिसतात, कॉलेजची पोरं काय आणि रविवारी आरे-वारेचा चढ मारणारे नोकरीवाले काय, आणि ते चांगलंच आहे. पण डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला पकडतात ती चाकावरची धातूची चकती, वाकली किंवा झिजली की खरी पंचाईत, कारण दुकानात जाऊन नुसतं "एकशेसाठची डिस्क द्या" (म्हणजे 160 मिमी व्यासाची) म्हणून भागत नाही, ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसते कशी हे आधी बघायला लागतं आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

हल्ली हब मुख्यतः दोन प्रकारचे येतात. एकावर डिस्क सहा बोल्टांनी बसते, बहुतेक ठिकाणी टी-25 मापाची, चांदणीसारख्या टोकाची की (पाना) लागते. दुसरा शिमानो या सायकलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीने आणलेला सेंटरलॉक, त्याला बोल्टच नाहीत, हबवरच्या बारीक दात्यांवर डिस्क सरकवायची आणि वरून लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळायची. सहा बोल्टांची डिस्क सेंटरलॉक हबवर अडॅप्टर घालून बसवता येते, पण सेंटरलॉकची डिस्क सहा बोल्टांच्या हबवर बसवायला जाऊ नका. मापाचंही तसंच, 180 च्या जागी 160 ची घातली तर कॅलिपरचे (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या भागाचे) पॅड डिस्कवर धड येतच नाहीत.

हे लिहायचं कारण म्हणजे माझ्या भाच्याच्या सायकलला एका दुकानात चारच बोल्टांवर डिस्क लावून दिली, बाकी दोघांचे आटे गेलेत म्हणे, आणि वर "चालतं हो" असं सांगितलं. पोरगा त्या सायकलवर आंबा घाट उतरणार होता! असं अजिबात चालत नाही.

आटे जातात कशाने तेही सांगतो. आपल्याकडे खारा वारा, बोल्ट गंजून धरतात, आणि पावसात जांभ्याची लाल माती बोल्टाच्या खाचेत जाऊन वाळून टणक होते, मग की अर्धवटच बसते आणि जोर लावला की खाच गोल होते, तो बोल्ट काढता काढता हबची पण वाट लागते. दाभणाने खाच आधी कोरून घ्या, की तळापर्यंत गेली का बघा, मगच फिरवा. परत लावताना समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे. आणि डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका, पॅड तेल पितात आणि ब्रेक लागेनासे होतात.

अजून एक, पावसाळ्यात चिखलाने साधे रेझिन पॅड लवकर संपतात म्हणून खूपजण मेटलचे घालतात, पण स्वस्तातल्या बऱ्याच डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं असतं, तिथे मेटलचे घातले तर डिस्कच झिजून जाते. शिमानोची नवी डिस्क 1.8 मिमी जाड असते, 1.5 ला आली की बदलायची.

दुकानदारांना कळकळीची विनंती आहे की सायकल विकताना बिलावरच हबचा प्रकार आणि पुढच्या-मागच्या डिस्कचं माप लिहून द्या, पार्ट बाहेरून मागवायला तेवढं पुरतं. ज्यांच्याकडे बिल नाही त्यांनी चाकाचा जवळून फोटो काढून न्यावा, हब नीट दिसेल असा.

आपला,
एक सायकलस्वार, रत्नागिरी