पंढरपूर स्टेशन उभं करायला शिकवणाऱ्या काकांस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात आपली ओळख झाली, तेव्हा माझ्याकडे एकच प्रश्न होता. घरात मॉडेल रेल्वेचा पहिलाच लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनाचा मांडलेला देखावा, करायचाय, तर गाडी चालवायला साधा डीसी कंट्रोलर घेऊ की डीसीसी, म्हणजे डिजिटल? तुम्ही उलट मलाच विचारलंत, "गाडी कुठून निघणार आणि कुठे थांबणार?"

मला वाटलं, काका टाळतायत. पण त्या एका प्रश्नातून सगळा लेआउट ठरला, आणि आज आभार मानायचेत ते मुख्यतः त्याचेच.

माझं माहेर पंढरपूरचं, आजोबांच्या बोलण्यात सतत बार्शी लाईट, म्हणजे तिथली जुनी छोट्या रुळांची रेल्वे. हे सांगितल्यावर तुमचा पुढचा प्रश्न आला: "साल कुठलं?" सालानं काय फरक पडतो ते तेव्हा कळलं. कुर्डुवाडीहून बार्शीला ही लाईन १८९७ साली सुरू झाली, पंढरपूरला १९०६ मध्ये पोचली, आणि मिरजेला जायला १९२७ उजाडलं. म्हणजे मधली वीसेक वर्षं पंढरपूर हे शेवटचं स्टेशन होतं. शेवटच्या स्टेशनाला गोल फेरा लागत नाही. भिंतीला लावलेली सव्वा फूट रुंद फळी पुरते, आणि पलीकडच्या टोकाला पडद्याआड तीन-चार रूळ टाकले की ते झालं 'कुर्डुवाडी'. आमच्या दोन खोल्यांच्या घरात खाट न हलवता रेल्वे आली ती अशी.

स्केलचंही तेच. मी सरळ एचओ म्हणत होते, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान (१:८७) आणि १६.५ मिलिमीटर रुंदीचा रूळ. तुम्ही कागदावर भागाकार करून दाखवलात. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे सव्वाएकोणीसच्या आसपास, त्यामुळे बाजारातल्या रुळावर आपली गाडी अरुंदच दिसणार. पण बार्शी लाईट होती अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ, आणि ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो! शिवाय ऑस्ट्रियातल्या ७६० मिलिमीटरच्या गाड्यांची इंजिनं रोको आणि लिलिपुट या मॉडेल कंपन्या याच मापात काढतात. त्यांच्या चाकांवर प्लॅस्टिकच्या पत्र्याचं अंग चढवायचं. बार्शी लाईटचं लीड्सच्या किटसन कंपनीचं हुबेहूब इंजिन त्यातून होणार नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. ही लाईन उभारणाऱ्या काल्थ्रॉप साहेबांनी एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ नये म्हणून केवढा आटापिटा केला होता, हेही त्याच वेळी ऐकलं. तो विषय निघाला की तुमचा चहा गार होतो.

मग कंट्रोल. तुम्ही एकाच स्टेशनाचे दोन नकाशे काढलेत. डीसीत रुळातला व्होल्टेज शून्य ते बारा असा कमीजास्त होतो, आणि त्या रुळावर उभं असलेलं प्रत्येक इंजिन तो ऐकतं. शेवटच्या स्टेशनात गाडी आली की तिचं इंजिन रुळाच्या बंद टोकाला अडकतं. दुसरं इंजिन मागून लागून डबे ओढून नेणार, तोवर पहिल्यानं गप्प उभं राहायला हवं. त्यासाठी रूळ कापा, तुकडा वेगळा करा, स्विच बसवा. आषाढीला तर एका जागी तीन इंजिनं, एक येतंय, एक निघायच्या तयारीत, एक पाणी भरतंय. डीसीचा नकाशा अशा कापांच्या लाल खुणांनी भरून गेला होता.

डीसीसीत रुळात वीज कायम असते, हुकूम त्या विजेतूनच जातो आणि इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम पाळतो. दुसऱ्या नकाशावर लाल खुणा जवळजवळ नव्हत्याच. गाडी आणायला मी आणि शंटिंगला लेक, अशी दोघींची वाटणी त्यामुळेच जमते. तुमचा स्वतःचा लेआउट आजही डीसीवर चालतो, तरी तुम्ही मला डीसीसी सुचवलंत, याचं मला अजून नवल वाटतं. "एकच इंजिन गोल फिरवणार असतीस, तर तुला खर्चात पाडलं नसतं," हेही म्हणालात.

खर्चाची वाटही तुम्हीच काढलीत. परदेशी तयार संच मागवून कस्टम ड्युटी भरण्यापेक्षा डीसीसी-ईएक्स, म्हणजे घरीच जुळवायची डीसीसी यंत्रणा. आर्डुइनो मेगा हे कंट्रोलर बोर्ड आणि रुळाला वीज देणारं मोटर शील्ड पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाले, सॉफ्टवेअर फुकट. वायफायचं छोटं बोर्ड जोडलं आणि लेकीच्या फोनवर गाडी चालवायचं 'इंजिन ड्रायव्हर' ॲप घातलं. सहा पिनांचं सॉकेट असलेलंच इंजिन घे, नाहीतर एवढ्याशा जागेत डिकोडरच्या तारा जोडताना डोळे जातील, ही सूचना सगळ्यात मोलाची.

वायरिंगचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारणारच. फळीखाली घरगुती दीड स्क्वेअर एमएमच्या दोन तारा, लाल आणि काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी तार सोल्डर केली, रूळ जोडणाऱ्या सांधपट्ट्यांवर भरवसा ठेवला नाही. रुपयाचं नाणं रुळांवर आडवं टाकून ठिकठिकाणी मुद्दाम शॉर्टसर्किट करून बघितलं, दर वेळी शील्डनं लगेच वीज तोडली. गाडीचा रूळ बदलणारे सांधे (पॉइंट) डीसीसीवर घेतले नाहीत. त्यांना तुमच्या जुन्या पॅनेलचे टॉगल स्विच कामी आले. नव्या डिकोडरचा नंबर कारखान्यातून ३ असतो, म्हणून प्रत्येक इंजिन आधी एकटं रुळावर ठेवून त्याचा नंबर बदलते.

प्लॅटफॉर्मचं छत अजून व्हायचंय. ते खांब लाकडी होते की लोखंडी, यावरून आई आणि मामा यांच्यात वाद चालू आहे. आषाढीच्या आधी काकूंना घेऊन या. शंटिंग लेक करेल, पण कुर्डुवाडीहून पहिली गाडी तुम्ही आणायची.

तुमची,
पंढरपूरची स्टेशनमास्तर