आहार अन् गोळ्या लग्नापासूनच द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात लेकरू अशक्त निघालं की लगेच म्हणतात, सुनेच्या माहेरचं हाडच बारीक, रक्तातच आहे त्याला काय करता. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे ऐकलं की मला राहवत नाही म्हणून हे पत्र.

नुसत्या जनुकांवर सगळं ठरत नाही हो, कोणतं जनुक चालू अन् कोणतं बंद यावरही ठरते. डोळ्याच्या अन् लिव्हरच्या पेशीत जनुकं तीच असतात, पण डीएनएवर मिथाइलचे बारीक टॅग, म्हणजे रासायनिक खुणा, लागतात अन् बरीचशी जनुकं त्यानंच गप्प बसतात. गर्भ राहिला की पहिल्या काही दिवसांत आईबापाकडून आलेले बहुतेक टॅग पुसले जातात आणि गर्भ रुजतो त्या सुमारास नवे लागायला लागतात, म्हणजे बाईची पाळी चुकायच्याही आधी! अन् हे मिथाइल तयार व्हायला शरीराला फॉलिक ॲसिड, बी12 लागते, म्हणजे पालेभाजी, डाळ, दूध, अंडी.

हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं अन्न अडवलं, लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. त्या उपासमारीतच ज्यांचा गर्भ राहिला त्यांच्या आयजीएफ2 या वाढीच्या जनुकावर 60 वर्षांनंतरही सख्ख्या भावंडांपेक्षा टॅग कमी सापडले, 2008 साली हे छापून आलं. जे शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिले ते कमी वजनाचे जन्मले, पण त्यांच्यात या जनुकावर हा फरक नव्हता. म्हणजे वजनकाट्यावर दिसत नाही असंही काही अगदी सुरुवातीलाच होऊन जाते.

आता आमच्या शेजारची सून बघा, वय 19. श्रावणात पऱ्हाटी निंदायला जायची, डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, ठेचा अन् कांदा, रात्री घरात सगळ्यात शेवटी जेवायची. तिसऱ्या महिन्यात गरोदरपणाची नोंदणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन निघालं 8, मग गोळ्या सुरू झाल्या. तिचं काय चुकलं? तिला बोल लावू नका.

शाळेत मुलींना दर आठवड्याला लोह अन् फॉलिक ॲसिडची निळी गोळी मिळते, शाळा सुटून लग्न झालं की आमच्या गावात तरी ती बंद होते ते थेट नोंदणीपर्यंत, अन् नेमका हाच काळ कोरडा जातो. नवी सून गावात आली की आशाताईकडून तिला घरपोच गोळ्या मिळाव्या, अंगणवाडीचा आहारही तेव्हापासूनच लागू व्हावा. अन् सासूबाईंनो, तूर आपल्याच वावरात पिकते, वरणाची वाटी आधी तिच्या ताटात वाढा.

तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

एक शिक्षिका,
जि. यवतमाळ