जहाजावरच्या जेवणात शुगरवाल्यांचाही रकाना असू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका खेड्यातला निवृत्त शिक्षक. वय ६४. मला १७ वर्षांपासून शुगर आहे आणि त्यातली शेवटची ६ वर्षं मी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतो. दिवाळीनंतर लेक-जावयांनी आम्हा दोघांना मुंबई-गोवा-मुंबई अशा क्रूझची तिकिटं काढून दिली. पुलगावच्या पुलावरून दिसणारी वर्धा नदी हेच आमच्या रोजच्या बघण्यातलं मोठं पाणी, त्यामुळे आनंद फार झाला. सहल चांगलीच झाली, हे आधी सांगतो. तरी जे घडलं ते आपल्या पत्राद्वारे मांडावंसं वाटतं, कारण आता आमच्याकडच्या गावांतूनही माणसं या जहाजांवर जाऊ लागली आहेत.

बुकिंगच्या फॉर्मवर जेवणापुढे तीन चौकोन होते: शाकाहारी, मांसाहारी, जैन. मी एजंटला फोन करून विचारलं, "मला शुगर आहे, इन्सुलिन घेतो, ते कुठे लिहू?" ते म्हणाले, "काका, तिथे शंभर पदार्थ असतात, तुम्ही काळजीच करू नका." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी आठ वाजता लेकीकडे सुई घेतली, उपमा खाल्ला आणि बंदरावर गेलो. माझं इन्सुलिन मिक्स प्रकारचं आहे. त्यातला तीस टक्के भाग लवकर काम करतो आणि सत्तर टक्के भाग सावकाश, दुपारनंतरही चालू राहतो. म्हणून सकाळी सुई घेतली की दुपारचं जेवण टळता कामा नये. पत्नीने पहाटे उठून दशम्या आणि जवसाची चटणी बांधून घेतली होती. तपासणीच्या ठिकाणी तो डबा काढून ठेवायला लावला. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही, असा नियम आहे. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण तो आम्हाला आधी कोणीच सांगितला नव्हता, आणि "वर गेल्या गेल्या जेवण आहे" असं सांगून आम्हाला रांगेत उभं केलं.

त्या रांगेत दोन वाजून गेले. आधी हाताची बोटं थरथरू लागली. मग पाठीवरून घाम वाहायला लागला, आणि समोरच्या माणसाच्या सदऱ्यावरच्या रेघा एकमेकींत मिसळताना दिसू लागल्या. बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, तुमाले घाम सुटला. बसा आंदी खाली." तिथेच फरशीवर बसलो. तिने पर्समधून मशीन काढून बोट टोचलं. ५८. सत्तरच्या खाली गेली की शुगर डाऊन धरतात. तिने ग्लुकोजच्या पुडीतले तीन चमचे पाण्यात कालवून पाजले आणि घड्याळाकडे बघत बसली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं तेव्हा ८१ आली. आमच्या मोठ्या बॅगा दारातच घेऊन गेले होते, त्या संध्याकाळी खोलीत पोचल्या. ती पुडी आणि इन्सुलिन मोठ्या बॅगेत राहिलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार आजही करवत नाही.

वर जेवण होतं, भरपूर होतं. दोन प्रकारचा भात, मैद्याचे नान, नूडल्स, बटाटा, काजूच्या वाटणातलं पनीर. एका काचेमागे 'शुगर फ्री' असं लिहिलेलं पुडिंग. साखर नव्हती हे खरं, पण मैदा आणि दूध होतंच, आणि मैद्याचीही पोटात गेल्यावर साखरच होते. बहुतेक पदार्थ मला अनोळखी. त्या रात्री पनीर, थोडा भात आणि अर्धा नान घेतला. दोन तासांनी शुगर २८६. दुपारी ५८ आणि रात्री २८६, असा दिवस माझ्या वहीत गेल्या कित्येक महिन्यांत नव्हता.

लोकांना वाटतं शुगरवाल्याला वेगळं, बेचव जेवण लागतं. तसं नाही. ज्वारीच्या भाकरीनेही शुगर वाढते. पण आमच्या तव्यावरची एक भाकर म्हणजे किती, हे मला १७ वर्षांत पाठ झालं आहे. एक भाकर, वाटीभर वरण, आंबाडीची किंवा मेथीची भाजी, आणि वेळ साडेबाराची. त्या हिशोबावर माझी सुई बसवलेली आहे. ताटात अनोळखी पदार्थ आले आणि वेळ सरकली की तो हिशोब तुटतो. ताटात काय आहे, किती आहे आणि ते केव्हा मिळणार, एवढं कळलं तरी आमचं निभतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धीर करून भोजनगृहाच्या प्रमुखांना गाठलं. माझी वही दाखवली. त्यांनी ती उभ्याउभ्या दोन पानं वाचली आणि मला आत नेलं. पाहुण्यांच्या भटारखान्याला लागून कर्मचाऱ्यांचा भटारखाना होता. तिथे एक पोरगा कणकेच्या साध्या पोळ्या भाजत होता, शेजारी मोठ्या पातेल्यात तुरीची डाळ, आणि ताटात कापलेली काकडी. पाहुण्यांच्या शंभर पदार्थांत जे मला मिळालं नाही, ते जहाजावर काम करणारी मुलं रोज खात होती. त्या दिवसापासून दुपारी साडेबाराला आणि रात्री आठला माझ्या टेबलावर दोन पोळ्या, डाळ आणि बिनबटाट्याची भाजी येऊ लागली. सकाळी अंड्याची भुर्जी आणि मोड आलेले मूग. जेवणानंतरची शुगर १६४ वर आली. ते गृहस्थ म्हणाले, "सर, पंधरा दिवस आधी कळवलं असतं तर पहिल्याच दिवशी सोय केली असती." मी कळवलं होतं. ते एजंटपाशीच थांबलं.

जैन बांधवांचं टेबल वेगळं होतं, तिथे कांदा-लसूण आणि कंदमुळं नव्हती, आणि वाढपी ते कसोशीने पाळत होते. ते पाहून बरं वाटलं. तेवढी काळजी घेणं जमतं, तर फॉर्मवर चौथा चौकोन जमायला काय हरकत आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचं म्हटलं आहे. कुठल्याही जहाजावर आमच्यासारखे डझनांनी असणार. मोठ्या उपाहारगृह-साखळ्यांनी मेनूवर उष्मांक लिहावेत असा नियम एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२० च्या नियमावलीत केला आहे. जहाजावरच्या प्रत्येक पदार्थापुढे उष्मांकांसोबत कर्बोदकं किती ग्रॅम हेही लिहावं. इन्सुलिन घेणाऱ्याला तो आकडा जास्त उपयोगाचा. आणि रांगेत ताटकळणाऱ्यांसाठी निदान पाकीटबंद खाणं व पाणी ठेवावं.

इन्सुलिनबद्दल थोडं लिहितो, कारण गावात मला हेच जास्त विचारतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि वीज जाते, म्हणून मी जादाची बाटली ओल्या मडक्यात ठेवायला शिकलो. जहाजावर खोलीची वीज चालू ठेवणारं कार्ड काढलं की छोटा फ्रिजही बंद पडे. मग ती बाटली जहाजाच्या दवाखान्यात नेऊन दिली, त्यांनी नाव लिहून ठेवून घेतली. वापरातली बाटली उन्हापासून दूर, खोलीत राहिली तरी चालते. पण इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेलं फेकावंच लागतं. आणखी एक. आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या (एका मिलिलिटरमध्ये ४०) असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनची काडतुसं आणि परदेशी बाटल्या १०० युनिटच्या, त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. बाटली फुटली आणि दुसरी घ्यावी लागली, तर सिरिंजही तिच्या जोडीचीच घ्या. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. डॉक्टरांची चिठ्ठी, मशीन, पट्ट्या आणि ग्लुकोज खांद्यावरच्याच पिशवीत ठेवा. समुद्र खवळून उलट्या झाल्या, तर मनाने सुई बंद न करता जहाजावरच्या डॉक्टरांना आधी विचारा.

येत्या महिन्यात आमच्या गावातली आणखी सहा माणसं त्याच एजंटकडून जाणार आहेत. त्यातल्या तिघांना शुगर आहे, एक बाई माझ्यासारख्याच इन्सुलिनवर आहेत. मी एजंटला आणि कंपनीला त्या तिघांच्या जेवणाच्या वेळा आणि चालणारे पदार्थ लिहून पाठवले आहेत. अठरा दिवस झाले, दोघांकडूनही उत्तर नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती