बिल मार्चमध्ये नको, एप्रिलमध्ये द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझी छोटी डाळमिल आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळमिल, विटांच्या भिंती आणि वर टिनं असलेलं २५ बाय ४० फुटांचं शेड, समोर तूर वाळवायला ३० बाय ५० चा सिमेंटचा ओटा. एवढाच पसारा. मागच्या मार्चमध्ये बँकेनं कॅश क्रेडिटच्या (खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) नूतनीकरणासाठी नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा, आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागितला. आणायला गेलो तर कळलं, तीन वर्षांपासून माझ्या नावावर मिलचा दरसाल ८,४०० रुपये ग्रामपंचायत कर लागलेला आहे. मी भरत होतो १,९००. दर मार्चमध्ये ग्रामपंचायतीचा माणूस यायचा, मागच्या साली दिले तेवढेच मी द्यायचो, तो पावती फाडून द्यायचा. वाढीव आकारणीचं बिल या तीन वर्षांत एकदाही हातात पडलं नाही. पावतीवर बाकी लिहिलेली होती, ती मी वाचली नाही. ही चूक माझी, ती मी नाकारत नाही. पण साडेएकोणीस हजार रुपये आणि वर दंड, ही रक्कम नेमकी कधी समोर आली? तूर बाजारात येत असताना, खिशातला रुपया न् रुपया मालात घातलेला असताना. शेवटी अडत्याकडून उसने घेऊन भरले, तेव्हा दाखला मिळाला.

मग नमुना आठचा उतारा नीट वाचला. त्यात माझं शेड ‘आरसीसी’, म्हणजे सिमेंटच्या स्लॅबचं होतं, क्षेत्रफळ २,५०० चौरस फूट आणि वापर ‘वाणिज्य’. म्हणजे ओटासुद्धा स्लॅबच्या इमारतीत धरलेला.

वाचकांपैकी ज्यांचा खेड्यात धंदा आहे त्यांनी हे हिशेबाचं गणित समजून घ्यावं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ग्रामपंचायतीचा कर क्षेत्रफळाऐवजी भांडवली मूल्यावर आला. जागेचा रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेला) दर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक, म्हणजे वापराप्रमाणे गुणायचा आकडा, यांतून मूल्य निघतं. त्या मूल्याच्या दर हजारी ठरलेल्या दरानं कर लागतो. भारांक घराला १, उद्योगाला १.२०, दुकानाला १.२५. डाळमिल हा उद्योग आहे, पण माझ्या उताऱ्यावर तो दुकान झाला होता. हा फरक थोडा आहे. खरा फटका बसतो तो बांधकामाच्या प्रकारानं आणि क्षेत्रफळानं. टिनाच्या शेडला स्लॅब म्हटलं, बांधकामाचं साल अलीकडचं टाकलं, मोकळी जागा बांधकामात धरली, की कर चौपट व्हायला वेळ लागत नाही. आणि आकारणी दर चार वर्षांनी होते, म्हणजे एकदा चूक पडली की पुढली चार वर्षं ती तशीच चालते.

माझी मोजणी पुन्हा झाली ती मे महिन्यात. तोवर नवे ग्रामपंचायत अधिकारी आले होते (आमच्याकडे अजून सगळे त्यांना सचिवच म्हणतात). सकाळी सात वाजता ते स्वतः टेप घेऊन आले. एक टोक मिलवरच्या पोरानं भिंतीच्या कोपऱ्याला धरलं. ओट्यावर तेल-पाणी दिलेली तूर पसरलेली होती, ती फावड्यानं सारून टेपापुरती वाट केली. साहेब टेप धरून ओट्याच्या टोकाला गेले, वर आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, हे तर खळं आहे. बांधकाम कुठं आहे इथं?’’ वीस मिनिटांत काम झालं. या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हीच वीस मिनिटं चार वर्षांपूर्वी का मिळाली नाहीत? तेव्हा कोण आलं, कुठून मोजलं, मला आजवर कळलेलं नाही. जास्तीचे भरलेले पैसे पुढच्या बिलात वळते करावेत म्हणून केलेलं अपील पंचायत समितीत पडून आहे.

मी कर बुडवायला हे लिहीत नाही. आमच्या मिलसमोरचा दिवा ग्रामपंचायतीचा, नळयोजना चालवणाऱ्या माणसाचा पगारही तिच्याच वसुलीवर. दोन-दोन वर्षं कर न भरता सडकेच्या खड्ड्यांवर बोलणारे व्यापारी आमच्या गावातही आहेत आणि ते मला पटत नाही. माझं मागणं वेळेचं आणि मोजणीचं आहे.

वेळेचं म्हणजे असं. कराचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पहिल्या सहामाहीत भरलं तर ५ टक्के सूट आहे, थकलं तर ५ टक्के दंड. डाळीचा पैसा आमच्याकडे मे-जूनमध्ये फिरतो. बिल एप्रिलमध्ये मिळालं तर आम्ही सवलतीच्या मुदतीत आनंदानं भरू, ग्रामपंचायतीलाही पावसाळ्याआधी पैसा हाती येईल. प्रत्यक्षात बिल येतं जानेवारीनंतर, तेही आलं तर. सूट तोवर गेलेली असते आणि वसुलीची मोहीम येऊन आदळते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुरीच्या खरेदीत.

मोजणीच्या वेळी मालकाला किंवा भोगवटादाराला (जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला) हजर राहायची चिठ्ठी द्यावी आणि मोजमापावर त्याची सही घ्यावी. आकारणी यादीवर हरकती मागवायची नोटीस लागते, पण ती कार्यालयाच्या फळ्यावर. शेड, गोदाम, गिरणी असलेल्यांना ती हातात मिळायला हवी.

भाड्याच्या गोदामाचा प्रश्न वेगळाच आहे. शेजारच्या गावात मी एक गोदाम घेतलं आहे. करारात कर कोणी भरायचा ते लिहिलेलंच नाही. नोंद मालकाची, भोगवटा माझा, मागणी दोघांकडे. तालुक्याच्या ठिकाणी माझं दुकान आहे, त्याच्या नगर परिषदेच्या बिलात शिक्षण कर, रोजगार हमी उपकर. मिलच्या बिलात दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. तीन ठिकाणची तीन बिलं, आणि सांभाळायला मी एकटा. मोठ्या कंपनीत याला हिशेबनीस असतो, खेड्यात बायको आणि एक वही असते. आता मी प्रत्येक जागेच्या उताऱ्याची प्रत वहीतच चिकटवून ठेवतो.

सरकार ३५ टक्के अनुदान देऊन सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांना पुढे ये म्हणतं, ते चांगलंच आहे. आमच्या गावातल्या बचत गटानं त्यातूनच मिरची कांडपाचं मशीन घेतलं. परवा त्यांच्या उताऱ्याची नक्कल काढली. टिनाचं शेड, नोंद आरसीसी. येत्या सोमवारी त्यांच्या अध्यक्षबाईंना घेऊन मी सचिवांकडे जाणार आहे, टेप आमच्याकडून नेतो.

आपला,
एक डाळमिलवाला, जि. यवतमाळ