मुलगा सिटिझन, म्हणून फाइल पक्की?

महोदय,

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत व्हिसा संपल्यावर काही वर्षं राहिला. तिथल्या इमिग्रेशन न्यायाधीशाच्या आदेशाने त्याला परत पाठवलं. मुलगा जन्माने तिथला नागरिक, यंदा २१ वर्षांचा झाला. लगेच अलकापुरीतल्या एका एजंटाचा फोन : "आता पप्पांची फाइल पक्की!"

हे अर्धंच खरं. मुलाला आय-१३० (नातेवाइकाला ग्रीन कार्डसाठी बोलावण्याचा अर्ज) भरता येतो आणि आईवडिलांना भावंडांसारखी लांबलचक रांग नसते. पण तो मंजूर होणं म्हणजे नातं मान्य होणं, एवढंच. हद्दपारीची बंदी तशीच राहते, अशा आदेशानंतर सहसा १० वर्षं. आधी जायचं तर आय-२१२ या अर्जावर वेगळी परवानगी. शिवाय वर्षभर वा जास्त बेकायदा राहिल्याची आणखी एक १० वर्षांची बंदी. तिच्यातून सूट हवी तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे वा आईवडिलांचे असाधारण हाल दाखवावे लागतात. मुलाचे हाल त्यात धरतच नाहीत! अर्ज करणारा तोच, आणि हिशेबात तोच नाही. भावजयीकडे ग्रीन कार्ड नाही, आमचे आईवडील इथे दांडिया बाजारात. म्हणजे सूट मागायला माणूसच नाही. मुदत भरेपर्यंत थांबायचं.

एजंटाने हळूच मेक्सिकोचाही रस्ता सुचवला. हद्दपारीनंतर चोरून शिरलं तर कायमची बंदी लागते, आणि परवानगी मागायलाही आधी १० वर्षं बाहेर काढावी लागतात. हे त्याने सांगितलं नाही.

पैसे देण्याआधी हद्दपारीच्या आदेशाची प्रत तिथल्या परवानाधारक वकिलाला दाखवा. एजंटाने ती आमच्याकडे मागितलीसुद्धा नव्हती.

– एक आत्या, वडोदरा