प्रकल्पासाठी एक तरी छापील पुस्तक वाचायला लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इंदिरानगरात माझ्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला शाळेने काळाराम मंदिर सत्याग्रहावर प्रकल्प करायला सांगितला होता. मोबाइलवरून तिने दहा मिनिटांत दोन पाने उतरवून आणली. २ मार्च १९३० ही तारीख बरोबर होती, अक्षरही सुरेख होते. परंतु सत्याग्रह कशासाठी करावा लागला, असे विचारताच ती पुन्हा मोबाइलकडे वळली आणि नेमके तेव्हा नेट गेलेले असल्याने गप्प बसून राहिली. त्या मंदिरात ती अनेकदा जाऊन आली आहे, म्हणून मला अधिक वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातले बाबासाहेबांचे चरित्र तिच्यापुढे ठेवले. पेन्सिलीने खुणा करत, अडले की मागचे पान उलटत तिने ते प्रकरण वाचले. आठवड्याने विचारले तेव्हा ‘ते डाव्या पानावर, अगदी खाली होते,’ असे म्हणत तिने सगळे स्वतःच्या शब्दांत सांगितले.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधनातही माहितीपर मजकुराचे आकलन पडद्यापेक्षा कागदावर चांगले होते आणि वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, असे आढळले आहे. कथांच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, त्यामुळे मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्यांना बोल लावण्याचे कारण नाही. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो, ही तर मोठीच सोय आहे आणि मी स्वतः ती नेहमी वापरते.

माझी तक्रार आहे ती अभ्यासाचे सारे साहित्य व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पाठवून मोकळे होण्याच्या पद्धतीबद्दल. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तिथले मूल वडील कामावरून परतेपर्यंत खोळंबून राहते आणि मग झोपेच्या वेळी घाईघाईने बोटाने मजकूर सरकवत जाते.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचे आहे, तरीही माझ्याकडे येणाऱ्या सहा मुलांपैकी एकानेही त्याची पायरी चढलेली नाही. शहरातील शाळांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक प्रकल्पासाठी किमान एक छापील पुस्तक वाचणे आवश्यक करावे आणि माहिती कोणत्या पानावर मिळाली, तो पृष्ठक्रमांक मुलांना वहीत लिहायला सांगावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक